दिवा लुकलुकला नाही

मोझेल नदीकाठच्या अणुवीज केंद्रातलं जनित्र आज हातानं ग्रिडला जोडायचं होतं, आणि बटणावर बोट होतं खाणकामगाराच्या पोरीचं, ओदीलचं. ग्रिडशी ताल चुकला तर जनित्राला जबर हादरा बसला असता. ताल दाखवणारा तबकडीवरचा काटा भरकन फिरत माथ्यावर, जुळणीच्या खुणेवर आला. तिनं तो जाऊ दिला.

"काय गं, या दोघांचं लग्न लावायला पाद्री येईपर्यंत थांबणार?" सोबतीच्या बास्तियाँनं टोमणा मारला.

"नाचात शिरताना पाय जुळावा लागतो. लग्नात बायकोचे पाय तुडवलेस, विसरलास?"

काटा पुन्हा संथपणे वर आला. तिनं बटण दाबलं. हादरा नाही, धडधड नाही. वीज निघाली लाखो घरांकडे.

तिनं बापाला फोन लावला. "दिव्याकडे बघत बसलोय," म्हातारा कुरकुरला, "साधा लुकलुकलासुद्धा नाही!"

ओदीलची मान ताठ झाली. "तेच तर माझं काम, पपा!"