दुसरा पंच

दार लावून घेतलं की माणूस सुटतो, यावर आमच्या मामांचा काडीइतका विश्वास नव्हता. दार विणकराचं असो, वकिलाचं असो, नाहीतर जर्मनीच्या बादशहाचं असो, मामांच्या लेखी ती समन्स चिकटवायची जागा होती. मामा, म्हणजे साऱ्या गल्लीचेच मामा, सोलापूरच्या कोर्टात बेलिफ होते. रस्त्यानं जाताना ते माणसांकडं बघत नसत, दारांकडं बघत. लग्नाला गेले तर मांडव, जेवण, नवरानवरी सगळं सोडून चौकटीवरून हात फिरवायचे आणि यजमानाला सांगायचे, "सागवान हाय. खळ चांगली धरंल." यजमानाचा चेहरा तेवढ्यापुरता पडायचा. खळ मामी घरी करत, विणकर सुताला लावतात तशीच, आणि तिचा डबा, वरच्या कप्प्यात खळ आणि खालच्यात कागद, मामांच्या काखेत असे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात सरकारी कोट, पायांत फाटक्या वहाणा. मूळचे मैंदर्गीचे, त्यामुळं घरात कानडी, कोर्टात मराठी; आणि "समन्स घ्या" एवढं एक वाक्य त्यांना तेलुगूत आणि मुसलमानी बोलीतही येई. तेवढ्यात सगळं सोलापूर येतं, असं ते म्हणत.

एकदा भिंतीच्या भांडणातला एक विणकर त्यांना चुकवायला हातमागाच्या खड्ड्यात उतरला आणि वरून लुगडं ओढून बसला. मामा मागावर बसले, पायानं दाबायची पावडी शोधायची म्हणून पाय खाली सोडले आणि अंगठा नेमका त्या बिचाऱ्याच्या टाळूवर टेकवला. मग तेलुगूतलं ते वाक्य म्हणाले. खालून हात वर आला आणि मुकाट्यानं कागद घेऊन गेला. माणूस घरी सापडला नाही तर दोन पंचांसमक्ष दारावर कागद डकवायचा, आणि घ्यायला नाही म्हणाला तर "अमुक अमुक याने नकार दिला" असं नावानिशी लिहायचं, म्हणजे बजावणी झाली, हा कायदा. त्यात मामांनी कुणाला सूट दिली नाही. सख्ख्या मेहुण्याचंही नाव त्यांनी असं लिहिलं होतं, आणि मामी त्यावर सहा महिने त्यांच्याशी फक्त कोर्टाच्या मराठीत बोलल्या.

मी रत्नागिरीकडचा. मराठी चौथीत शाळा सुटली आणि पुढं पोटासाठी घाट चढून सोलापूरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. ओळखीचं कुणी नाही, जात विचारून घरं नाकारली जात होती, आणि मला तर सावलीचीही भीती वाटायची. मामांनी आपली ओसरीची खोली दिली. "कोकण्या, दाराला आतनं कडी न्हाई, चालंल न्हवं?" एवढंच विचारलं. त्या माणसानं मला उभं केलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझाच राग येतो.

मामांचा एकुलता एक मुलगा शिवाप्पा महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडं गेला आणि तिकडंच राहिला. पुढं विलायतेहून तो कामी आल्याचा एक जाड कागद आला, खाली राजाची सही. मामांनी तो उजेडात धरला, बोट ओलं करून शाईवर फिरवलं आणि म्हणाले, "छापील हाय. छापील सही आमच्या कोर्टात चालत न्हाई." कागद त्यांनी भिंतीवर लावला नाही. डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवला.

लढाई संपल्यावर वर्तमानपत्रात आलं, की जिंकलेली राष्ट्रं जर्मनीच्या बादशहावर खटला भरणार. सगळ्या जगाच्या नीतीविरुद्ध त्यानं गुन्हा केला, विषारी धूर सोडला, गावं जाळली. मामांनी ते मला चार वेळा वाचायला लावलं. मग बातमी आली, की बादशहा हॉलंडात जाऊन राहिला आहे आणि हॉलंड त्याला हवाली करत नाही. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. संताप दुःखाचा तर होताच, पण त्याहून जास्त धंद्याचा होता. एवढी मोठी राष्ट्रं, एवढी लढाऊ जहाजं, आणि एक समन्स बजावता येत नाही. पंच नेले होते का? दारावर डकवलं होतं का? माझ्या हाताखाली असते तर घरी बसवले असते, असं ते ओसरीवर फेऱ्या घालत बोलत होते.

आमच्या छापखान्यात कोर्टाचे कोरे फॉर्म छापले जात. खराब निघालेला एक मी आणला. वादी, शिवाप्पाचा बाप. प्रतिवादी, बादशहा, जर्मनी, हल्ली मुक्काम हॉलंड. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहिला मी, आणि पंच म्हणून खाली ऐटीत सहीही ठोकली. पोस्टातल्या कारकुनानं गल्ली, घर नंबर विचारलं, तर मामा म्हणाले, "बादशहा हाय त्यो. नाव पोस्टमनला दावलं म्हंजे झालं." रजिस्टर पत्र चार महिन्यांनी परत आलं, वर परक्या भाषेतला शिक्का. पोस्टमास्तर म्हणाले, घेतलं नाही असा त्याचा अर्थ असणार. मामा पोस्टाच्या पायरीवरच बसले आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"नकार दिला न्हवं? बजावलं गेलं मंग."

नाझर, म्हणजे बेलिफांवरचे साहेब, यांनी हे ऐकून पोट धरून हसून घेतलं. पुढच्या रविवारी, बंद कोर्टाच्या व्हरांड्यात, कोट घालून मामांनी बादशहाचा पुकारा केला. तीनदा. कबुतरं उडाली आणि पुन्हा येऊन बसली. "गैरहजर," मामा म्हणाले, आणि आम्ही घरी येऊन मामींच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाल्ली.

इथंच गोष्ट संपली असती तर ती मी लोकांना हसत सांगितली असती. पण त्या उन्हाळ्यात अकलूजकडचा एक गडी घर शोधत आला. शिवाप्पाच्या पलटणीतला. मामींनी त्याला पाणी दिलं. त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला.

"मामा, गोळी न्हाई लागली त्येला," तो म्हणाला. शिवाप्पा तापानं आणि हगवणीनं गेला, नदीतल्या उघड्या बोटीवर, उन्हात, तीन दिवस. औषध नाही, अंगाखाली पेंढा नाही, डॉक्टर एक आणि माणसं शेकड्यानं. बोटी कमी आहेत हे वर ठाऊक होतं, तरी पुढं जायचा हुकूम आला, कारण कुणाला तरी एक शहर घेतल्याचं नाव हवं होतं. मामांनी बादशहावरचा आरोप सांगितला, तसा तो म्हणाला, "आन गावं म्हंता, तर त्येनीबी जाळली, आमीबी जाळली. हुकूम कागदावर येतुया."

मामांनी विचारलं, "कुणाचा हुकूम?"

"वरनं आला."

"वर म्हंजे कुटं? दार कुटलं?"

 मामांनी तेव्हा डब्यातून तो जाड कागद काढला, छापील सही एकदा बघितली आणि मला म्हणाले, "कोकण्या, फारम आन." नीती सगळ्या जगाची म्हणता, मग त्या जगात लंडन आलं, सिमलाही आला, असं त्यांचं म्हणणं. कलम तेच, फक्त प्रतिवादी दुसरे: लंडनचा राजा आणि सिमल्याचे लाटसाहेब.

मी फॉर्म आणला. लिहायला बसलो, आणि माझा हात दुखायला लागला. खरंच दुखला की मी दुखवला, हे मला आजही सांगता येणार नाही. हॉलंडातल्या बादशहावर सही ठोकताना मला कसली ऐट आली होती. तो माझी नोकरी घालवू शकत नव्हता. छापखाना सरकारी कामावर चालायचा. मी मामांना म्हणालो, बोटं आखडली आहेत. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत स्वतःच लिहिलं.

मामा तो कागद रीतसर नाझरसाहेबांकडं शिक्क्यासाठी घेऊन गेले. साहेब वाईट नव्हते. घामाघूम झाले बिचारे. म्हणाले, "अहो, ज्यांच्या नावानं हा शिक्का चालतो, त्यांच्यावरच कसा मारू?"

"पयल्या कागदाला तुमी लई हासला," मामा म्हणाले. "आता हासा की."

पेन्शनला दोन वर्षं उरली होती. मुलाच्या दुःखानं डोकं ठिकाणावर नव्हतं एवढं लिहून द्या, मी सांभाळून घेतो, असं साहेबांनी हात जोडून सांगितलं. मामांनी लिहून दिलं, "डोके ठिकाणावर आहे," आणि सही केली. खरी, शाईची.

दुसऱ्या दिवशी मामींनी खळ शिजवली. त्यांना सगळं ठाऊक होतं. नेहमीपेक्षा दाट शिजवली. घरचं माणूस पंच चालत नाही, म्हणून अकलूजचा गडी एक, आणि दुसरा मीच उरलो होतो. मामांनी मला चल म्हटलं नाही. चपला घालून दारात उभे राहिले तेवढेच, जरा जास्त वेळ. छापखान्यात घाईचं काम आहे असं मी भिंतीकडं तोंड करून सांगितलं. भर दुपारी, पक्षकारांच्या गर्दीतून वाट काढत, मामांनी कोर्टाच्या मोठ्या दारावर ते समन्स डकवलं आणि चारी कोपरे तळहातानं दाबले. कागद खरवडून काढायला दोन शिपायांना तासभर लागला म्हणतात. पंधरा दिवसांत मामा बडतर्फ झाले आणि मैंदर्गीला गेले. जाताना मला म्हणाले, खोली तूच ठेव.  त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढं चौदा-पंधरा वर्षं गेली, आणि गेल्या चैत्रात मामी आल्या. मामा जाऊन महिना झाला होता. "तुझं हाय म्हणाले," असं म्हणून त्यांनी खळीचा डबा माझ्यापुढं ठेवला. आत त्या समन्साची स्थळप्रत होती, पाठीमागं बजावणीचा अहवाल. माझं नाव कुठं येतं ते मी शोधलं. मेहुण्याला सोडलं नव्हतं त्या माणसानं. पहिला पंच, अकलूजच्या गड्याचा अंगठा. त्याच्याखाली मामांच्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "दुसरा पंच मिळाला नाही." उभ्या नोकरीत त्यांनी केलेला तो एकच खोटा अहवाल असावा.

हल्ली मी आमच्या छापखान्यात हबशांच्या मुलखातल्या, हबसाणच्या लढाईच्या बातम्या जुळवतो. विमानांतून विषारी धूर सोडतात, दवाखान्याच्या तंबूंवर बाँब टाकतात, आणि युरोपातली शहाणी राष्ट्रं निषेध करतात. इतका निषेध, की परवा माझ्या पेटीतले 'ष'चे खिळे संपले. ज्यांनी हुकूम दिले ते सगळे आपापल्या पत्त्यावर आहेत. त्यांची दारं साऱ्या जगाला ठाऊक आहेत, आणि डबा काखेत मारून निघणारा बेलिफ एकही नाही. मालक म्हणाले, 'ष' नसेल तर दुसरा शब्द घाल. मी घातला नाही. तेवढी जागा कोरी सोडली.

आज दौत काढली आणि मामांच्या अहवालावर, "मिळाला नाही"च्या शेजारी, सही केली. हात दुखला नाही. तारीख आजचीच घातली. मागची घालणं मामांना खपलं नसतं.