आईचं नाव, भाटकाराचं पेन

माझ्या आईचं नाव भाटकाराने खोडलं. माझ्यासमोर, माझ्याच अर्जावर.

"थंय दवर," ते म्हणाले होते. म्हणून अर्ज मी त्यांच्या हातात दिला नाही. सोप्याच्या कठड्यावर ठेवला आणि एक पाऊल मागे आले. मागे हो असं कुणी म्हटलं नव्हतं. पाय आपले आपणच मागे आले. त्यांनी चष्मा चढवला, अर्ज उचलला, 'व्यवसायाचे नाव' लिहिलं होतं तिथे थांबले आणि हसले.

"शेवंती? आमच्या गोठ्यातलां शेण काडी, ती शेवंती?"

"तां माझ्या आयचां नांव, धनी."

"म्हणानच सांगतां."

खिशातून पेन काढलं आणि आडवी रेघ मारली. तिच्यावर आणखी एक. पहिल्या रेघेने पुरतं मेलं नसावं. मग वरच्या रिकाम्या जागेत वळणदार अक्षरात लिहिलं, 'व्हडलें घर हस्तकला'.

व्हडलें घर म्हणजे त्यांचं घर. मोठं घर. कोरगावच्या आमच्या वाड्यावर आजही कुणी त्याला दुसऱ्या नावाने ओळखत नाही. भाटकार म्हणजे ज्यांच्या जमिनीत आमच्यासारख्यांची घरं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत, ते जमीनमालक. आम्ही महार. गोव्यात आमच्या लोकांच्या हाताला वेळूकाम चिकटलेलं. सुपं, रोवळ्या, टोपल्या. देवळाच्या उत्सवाला लागणारी सुपं आमच्याच घरातली. ती पायरीवर ठेवायची, वर पाणी शिंपडलं जातं, मग ती आत जातात. देवाला चालतात, पाणी लागल्यावर.

भाटकारांची सून बाहेर आली. पणजीची, शिकलेली, बोलायला गोड. तिने सासऱ्यांसाठी कपबशीत चहा आणला आणि माझ्यासाठी कागदाच्या कपात. धुवायची कटकट नको म्हणून, असंही ती म्हणाली असती. विचारलं असतं तर. ती व्हडल्या घराच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते आणि तिथेच मी विणलेल्या टोपल्याही विकते. प्रत्येक टोपलीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली. 'व्हडलें घर. हाताने विणलेलं.' कुणाच्या हाताने, ते चिठ्ठीत मावलं नाही.

"अगं, ब्रँडिंग महत्त्वाचं असतं," ती मला म्हणाली. "लोकांना एक गोष्ट लागते. शेवंतीमागे काय गोष्ट आहे?"

गोष्ट होती. पण कागदाचा कप हातात धरून ती सांगता येत नव्हती.

भाटकारांनी अर्ज कठड्यावर परत ठेवला. "ह्यां नांव आसलां तर एनओसी आतांच सही करून दितां. आमच्या नांवान माल खपतलो. तुजांच बरां चितून सांगतां. शेवंती घातलंय तर सही ना."

आवाज चढला नाही त्यांचा. आवाज चढवावा लागला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी "विचार करतां" म्हणाले आणि निघाले. विचार करते! आईच्या नावावर रेघ मारली आणि मी म्हणते विचार करते. अजून ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

मी तिथे का गेले होते, ते सांगायला हवं. तुयेच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. कंत्राट संपलं तेव्हा घरी बसून आईच्या हाताखाली पुन्हा वेळू चिरू लागले. टोपल्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून दिव्यांवर घालायच्या जाळीदार टोप्या विणून पाहिल्या. मांद्र्याच्या एका हॉटेलवाल्याला त्या आवडल्या. सीझन सुरू व्हायच्या आत साठ नग हवे होते. पण त्याची अट साधी होती. बिल हवं, बिलावर धंद्याचं नोंदलेलं नाव हवं. नाव नाही तर ऑर्डर नाही. म्हणून मी पंचायतीत परवान्याचा अर्ज घ्यायला गेले. नाव काय ठेवायचं याचा मला एक क्षणही विचार करावा लागला नव्हता. 'शेवंती वेळूकाम'.

पंचायतीचा सेक्रेटरी साखळीहून येतो. गोगलगाय नि पोटात पाय. अर्ज न बघताच म्हणाला, "धंदो घरांतच मगो? भाटकाराची एनओसी हाड. मागीर बघूया." तो मागतो, आम्ही आणतो. असंच चालत आलंय. मी एका शब्दाने विचारलं नाही की कशासाठी. गेले सरळ व्हडल्या घरी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

घरी आले तर आई ओसरीवर बसून सूप वळत होती. तिला अर्ज दाखवला. तिला वाचता येत नाही, पण रेघ कळते.

"खरडलां?"

"धन्यांनी खरडलां. तुजां नांव नाका म्हणतत."

मला वाटलं, तिला राग येईल. निदान डोळे भरतील. तिने सूप बाजूलासुद्धा ठेवलं नाही. "बरां जालां खरडलां तां. माजां नांव घालूंक तुका सांगलां कोणी? धनी सांगतत तां कर. सही मेळता तर घे."

"आये, तुजां नांव आसां तां."

"माजां नांव घेता कोण गो?"

ती हे रडून म्हणाली नाही. बाजारात आज कुठला मासा आलाय ते सांगावं, तसं म्हणाली. आणि खरंच, कोण घेतं? व्हडल्या घरात ती 'अगो'. देवळाच्या पायरीवर 'सुपांवाली'. बाबा होते तेव्हा तेही तिला 'ऐकलंय?' म्हणूनच हाक मारायचे. मला तिचं नाव शाळेच्या दाखल्यावर वाचून कळलं होतं. सात वर्षांची होते मी. घरी येऊन तिला नावाने हाक मारली तर फटका मिळाला. एवढं तिला ते नाव परकं होतं. भाटकाराने एकदा पेनाने खोडलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते आधीच पुसलं होतं.

त्या दुपारी मला आईचा राग आला. भाटकाराचा आला नाही एवढा. तिच्याशी एक शब्द न बोलता मी पत्र्याची ट्रंक उघडली. अर्जाला घरपट्टीची पावती जोडायची होती, ती शोधायला. नाव कुठलंही ठेवलं तरी पावती लागणारच होती. म्हणजे मी तेव्हा अर्धी वाकलेलीच होते, हे लपवत नाही.

पावतीच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडलेला एक कागद होता. मामलेदार कचेरीचा शिक्का. तो मी पूर्वी पाहिला होता, बाबांच्या हातात, लांबून. वाचला कधीच नव्हता. दारात उजेडाला धरून वाचला. मग परत वाचला. आमचं घर आणि घराभोवतीची जागा मुंडकाराच्या हक्काने बाबांनी विकत घेतलेली होती. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा. कायद्याने त्याला ती जागा घेता येते. बाबांनी घेतली होती. मी सातवीत असताना. खाली बाबांची सही आणि मालक म्हणून दुसरं नाव आईचं. पूर्ण नाव. पुढे अंगठा.

तो अंगठा मी बोटाने चाचपून पाहिला.

सातवीपासून हे घर आमचं होतं. आणि सातवीनंतर बाबांनी कौलं उतरवून पत्रे घातले तेव्हा व्हडल्या घरी विचारायला गेले. न्हाणी बांधली तेव्हा गेले. नारळाचा एक माड कुजून घरावर झुकला होता, तो तोडायलाही गेले. मी त्यांच्याबरोबर होते त्या दिवशी. भाटकार म्हणाले होते, "तोड, पण खोड माका दी." आणि आमच्या जागेतल्या आमच्या माडाचं खोड आम्ही डोक्यावरून त्यांच्या अंगणात नेऊन टाकलं. भाटकाराला हे माहीत नव्हतं? मामलेदारासमोर ते स्वतः उभे राहिले असणार. सुंभ जळला, पीळ गेला नाही. पण तो पीळ रोज वळून देणारे हात आमचे होते.

"आये, हां तुका खबर आसलां?"

"आसलां."

"मग विचारूंक कित्याक गेलीं आमी?"

आईने पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुजो बापूस म्हणालो, कागद आमच्याकडे आसां दी. पण गावांत ऱ्हावपाचां आसां."

बाबांना कागद मिळवण्यापुरतं धैर्य होतं. कागद दाखवण्यापुरतं उरलं नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचायतीतून नवा कोरा अर्ज घेतला. तिथेच बाकावर बसून भरला. 'शेवंती वेळूकाम'. ठळक, दोनदा गिरवून. सेक्रेटरीसमोर ठेवला.

"भाटकाराची सही खंय?"

मी मामलेदाराचा कागद पुढे केला. त्याने वाचला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग कागद माझ्याकडे सरकवून तो म्हणाला, "तां सगळां खरां. तरी एकदां फोन करून विचारूया. उगीच वाकडेपणा नाका." आणि माझ्यासमोरच व्हडल्या घरी फोन लावला. दोन वाक्यं बोलला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. "उलय. धनी आसत."

कार्यालयात आणखी तीन माणसं होती आणि सगळी आपापली कामं सोडून माझ्याकडे बघत होती. फोनमधून तोच शांत आवाज आला. "काय ठरयलां गो?"

"बाब," मी म्हणाले. कुठल्याही मोठ्या माणसाला म्हणतात तसं; धनी म्हणाले नाही. जन्मात पहिल्यांदा. "घर आमचां. कागद माझ्या हातांत आसां. तुमची सही नाका."

पलीकडून, "तुजो बापूस असो नासलो."

"तो विचारूंक येयलो. मी येवपाची ना."

मी मोबाइल टेबलावर ठेवला. मामलेदाराचा कागद शेजारी तसाच उघडा ठेवला. बघू देत.

सेक्रेटरीने घाम पुसला आणि नियमाचा आधार घेतला. "मग मालकिणीची एनओसी जाय. मालकीण कोण? आवय मगो? तिका हाड."

मी आईला आणलं. कसं आणलं ते विचारू नका. रिक्षात ती सबंध वाटभर पदर चावत होती. पंचायतीच्या दारात आल्यावर चपला काढून उभी राहिली, पायरीच्या खाली. मी तिच्या चपला उचलल्या, तिच्या पायांसमोर ठेवल्या आणि म्हणाले, "घाल." तिने घातल्या. आत आली.

सेक्रेटरीने कागद वाचून दाखवला. आपल्या घरात अमुक नावाचा धंदा सुरू करण्यास माझी काही हरकत नाही. मग विचारलं, "तुमची हरकत आसां?"

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. साठ वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि तिच्या तोंडून काय यावं? "धनी काय म्हणतले?"

माझ्या डोक्यात रक्त चढलं. तिथेच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तिच्या जवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आये, ह्या घराची धनीण तूं. तुका विचारतत. धन्याक न्हय."

ती टेबलापाशी गेली. तिच्या बोटांना वेळूच्या चिरांनी पडलेले घट्टे आहेत. शाईच्या गादीवर अंगठा दाबला तर ठसा नीट उमटेना. सेक्रेटरी म्हणाला, परत करा. तिने परत केला. तिसऱ्यांदा उमटला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आतां जाता तां तूं पळय."

"पळयतां," मी म्हणाले.

आणि व्हायचं ते झालंच. आठवड्याभरात व्हडल्या घरून लेखी हरकत पंचायतीत पोचली. वाड्यावर धंदा नको, चिरण्याचा आवाज होतो, कचरा होतो. दोनशे वर्षं सुपं विणताना आवाज होत नव्हता. सुनेने टोपल्या घेणं बंद केलं. मांद्र्याचा हॉटेलवाला महिनाभर थांबला, मग त्याने टोप्या दुसरीकडून घेतल्या. त्या साठांपैकी विणून झालेल्या बेचाळीस टोप्या माझ्या घरात लटकत आहेत. शेजारची एक बाई आईला म्हणाली, पोरीने घर बुडवलं. आई सूप वळत राहिली.

माझा परवाना अजून 'विचाराधीन' आहे. पुढच्या बैठकीत विषय येणार आहे. मी तिथे जाणार, मामलेदाराचा कागद घेऊन, आईला घेऊन. हरकत कशावर आहे ते भाटकारांना सगळ्यांच्या देखत तोंडाने सांगावं लागेल. आवाजावर, कचऱ्यावर, की एका महारणीच्या नावावर. बैठकीने नकार दिला तर वर अपील करीन. तिथे नकार आला तर त्याच्याही वर. ऑर्डर एक गेली, दहा जातील. अर्ज फाटला तर नवा भरीन, आणि प्रत्येक अर्जावर व्यवसायाचं नाव तेच असेल. ते खोडायला मी कुणाच्या कठड्यावर नेऊन ठेवणार नाही.