मुरघासाच्या खड्ड्यात ज्ञानदेव

आमच्या सांगवीत ज्ञानदेवाच्या घराच्या दाराला आतून कडी नाही. होती, ती त्यानं लग्नाच्या आठवड्यातच पकडीनं उपटून काढली. त्याची बायको भागूबाई अजून सांगते, "आबा, नवी नवरी मी. मला वाटलं, ह्या माणसाला पळून जायचं हाय का काय!" पळून जायचं नव्हतं. पण जायचं म्हटलं तर वाट मोकळी पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. एसटीत तो दाराजवळच्या बाकावर बसणार, बाक भरला असेल तर पायरीशी उभा राहणार. विहारात वंदनेला बसला तरी उंबऱ्याजवळ. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला बारामतीला सोबत आला, तर मी लिफ्टनं वर आणि हा गडी जिन्यानं. वर जाऊन बघतो तर माझ्या आधी हजर, धापा टाकत!

याला कारण आहे. तरुणपणी तो दुधाच्या टँकरवर क्लीनर होता. एकदा टँकर धुवायला वरच्या झाकणातून आत उतरला. ड्रायव्हरला वाटलं, पोरगं धुऊन जेवायला गेलं. त्यानं झाकण लावलं आणि गाडी काढली. आत ज्ञानदेव पत्र्यावर बुक्क्या मारतोय आणि पुढं ड्रायव्हर गाणी म्हणतोय. भिगवणच्या रस्त्याला चहाला गाडी थांबली तेव्हा चहावाला म्हणाला, "आज दूध लाथा मारतंय व्हय?" गावात ही गोष्ट हसत हसत सांगतात, मीही सांगतो. ज्ञानदेव मात्र ती सुरू झाली की उठून जातो.

आणि अशा माणसानं नोकरी धरली कसली, तर पिंजऱ्यातली! हिंदूरावांच्या गोठ्यावर एक बुटका लोडर आहे, इंदापूरहून जुना घेतलेला. जागच्या जागी गर्रकन फिरतो, म्हणून गोठ्यातलं शेण ओढायला आणि मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवलेला चारा, काढायला बरा. त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी हात, पुढं बकेट, आणि मधे माणसापुरती केबिन. केबिनला बाजूला जाळी, मागं काच फुटली म्हणून पत्रा डागलेला. शिरायचं ते पुढून, बकेटीवर पाय देऊन. बसलं की एक आडवी लोखंडी दांडी मांडीवर ओढायची. ढुंगण सीटवर आणि दांडी खाली असल्याशिवाय त्याचे हातही हलत नाहीत आणि चाकंही हलत नाहीत.

मी त्याला विचारलं होतं, "ज्ञानदेवा, ह्यात कसा रं बसतोस?"

"इंजिन चालू हाय तवर त्यो पिंजरा न्हाय, आबा. म्या म्हणंन तिकडं जातोय की! बंद पडला, तर पिंजरा."

पहिल्या दिवशीच त्यानं पुढचं काचेचं दार काढून गवताच्या शेडमागं टाकलं होतं.

आता झालं काय, की उन्हाळ्याच्या तोंडाला ह्या लोडरची चार्जिंग बिघडली. समोरच्या पट्टीवर बॅटरीच्या खुणेचा लाल दिवा असतो. इंजिन चालू झालं की तो विझायला पाहिजे. हा विझेना. भडकही पेटेना, आपला मंद मंद, देवळातल्या समईसारखा. हिंदूरावांनी पट्टा बदलला. दिवा तसाच. नवी बॅटरी आणली. तसाच. मग डायनामा काढून बारामतीला तेजश्रीकडं पाठवला. तिथं बापाचं वायरिंगचं दुकान तीच चालवते. पोरगी तोंडाची फटकळ, पण हात साफ. तिनं डायनामा टेबलावर फिरवून बघितला आणि सांगितलं, "ह्यो चांगला हाय. चांगल्याला किती चांगला करू? गाडी दाखवा मला." गाडी न्यायला कुणाला सवड? रोज रात्री बॅटरी चार्जरला लावायची आणि सकाळी काम उरकायचं, असा रतीब पडला. त्या दिव्याकडं बघून ज्ञानदेवाचा जीव खालीवर व्हायचा, तर त्यानं त्यावर काहीतरी चिकटवूनही टाकलं.

एका दुपारी मी हिंदूरावांकडं ताक प्यायला गेलो होतो. ज्ञानदेव मुरघासाच्या खड्ड्यात. खड्डा म्हणजे दोन बाजूंना भिंती, मधे दाबून ठेवलेला मका, आणि तोंड मोकळं. त्यानं बकेट भरली, निम्मी उचलली, वळायला म्हणून मागं सरला आणि पाठ भिंतीला टेकली. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि गप झालं. बॅटरीत दमच उरला नव्हता, आणि ह्या गाडीला डिझेल सोडायलाही वीज लागते. वीज गेली की ब्रेक आपोआप आवळतो आणि हात आहे तिथं अडकतात.

भरली बकेट त्याच्या तोंडापुढं येऊन थांबली होती, माठाला झाकण घालावं तशी. खाली तेवढी फट होती. पण उचललेल्या बकेटीखाली कुत्रंही जाऊ द्यायचं नाही, हा नियम ह्याच गड्यानं सगळ्या गोठ्याला लावलेला.

"हिंदूराव," आतून आवाज आला. "बंद पडला."

आवाज ज्ञानदेवाचा नव्हताच. पातळ, लहान पोराचा असावा तसा.

आमच्या मुलखात ट्रॅक्टरची बॅटरी गेली की कुणी घाबरत नाही. उतारावर लावायचा, ढकलायचा, क्लच सोडायचा. अंगवळणी पडलेली गोष्ट. हिंदूरावांनी हाक दिली, गडी जमले आणि बाजूनं खांदा लावून "हाँ, जोर लाव!" ह्या लोडरची चाकं तेलाच्या दाबावर फिरतात, त्याला धक्का मारणं म्हणजे भिंतीला धक्का मारणं, हे कुणाच्या डोक्यातच नाही. लोडर हलला नाही, पण हिसक्यानं बकेट डुलली आणि मुरघासाचं ढेकूळ केबिनच्या तोंडाशी धपकन पडलं.

"नका! नका!" ज्ञानदेव ओरडला. "हलवू नका रं!"

गडी मागं सरले. मी जाळीपाशी गेलो. आंबूस वास, पत्रा तापलेला, आणि आत ज्ञानदेवानं मांडीवरची दांडी वर भिरकावलेली. अंगातला सदरा पिळून काढावा इतका भिजलेला. तो वाकून खालची फट बघत होता.

"ज्ञानदेवा, तिकडं बघू नगंस. माझ्याकडं बघ."

"आबा, मी जातो खालनं."

"बकेट आली तर?"

"येऊ द्या."

तेजश्रीला फोन झाला होता, ती निघाली होती. तोवर त्याला सीटवर धरून ठेवायचा कसा? मला एकच धंदा येतो. मी गोष्ट सुरू केली, आमच्या मास्तरांच्या सायकलची. ती संपवून सासऱ्याच्या रेड्याची काढली. रेडा नदीत उतरतो न उतरतो तोच ज्ञानदेव कळवळून म्हणाला, "आबा, आधीच कोंडलोय, त्यात तुमच्या गोष्टी! तोंड फिरवायला तरी दुसरीकडं जागा हाय का मला?"

गडी फिदीफिदी हसले. पण तो बोलला, मला तेवढंच पाहिजे होतं.

भागूबाई शेतातून तशीच पळत आली, हाताला चिखल. तिनं जाळीत बोटं घातली. ज्ञानदेवानं ती अशी घट्ट धरली की तिचा चेहरा आक्रसला, पण तिनं बोटं सोडवली नाहीत.

तेजश्री स्कूटीवरून उतरली आणि लोडरभोवती फिरली. हिंदूराव म्हणाले, "साखळी लावून ओढू का?"

"मानूस आत, भरलेली बकेट वर, आन् तुमी हिसका देणार? साखळीला हात लावू नका." मग ती जाळीशी आली. "काका, बॅटरी मागच्या झाकणाआड हाय, झाकण भिंतीला टेकलंय. मला तिथं शिरता येत न्हाय. पन तुमच्या उजव्या खांद्यामागं फ्यूजची डबी हाय. तिथनं वीज द्यायची. हात तुमचा लागंल."

ट्रॅक्टरची बॅटरी आणून जाळीशी ठेवली. काळी वायर तिनं लोडरच्या उघड्या लोखंडाला चिमटा लावून जोडली. लाल वायर जाळीतून आत दिली.

"आधी मोठा फ्यूज उपसा. न्हायतर मेलेली बॅटरीच सगळी वीज पिऊन टाकंल."

फ्यूज निघाला तो त्याच्या हातातून निसटून थेट पायाशी पडला. "असू द्या, त्यो नगंच हाय आता," तेजश्री म्हणाली. "आता वायर त्या खोबणीत धरा. चावी फिरवा. पट्टीवर दिवं आलं?"

"आलं."

"बॅटरीचा लाल पेटलाय?"

"दिसत न्हाय."

"का?"

ज्ञानदेव हळूच म्हणाला, "टिकली लावलीय त्याच्यावर."

"कुणाची टिकली?" भागूबाईनं विचारलं.

"तुझी."

"आन् मी सुनंला बोलत हुते, पाकिटातल्या टिकल्या कोण नेतंय म्हणून!"

पुन्हा हसं झालं. तेजश्री मात्र हसली नाही. "काका, आता सीटवर नीट बसा आन् दांडी खाली घ्या. मग पट्टीवरचं कुलूप सोडायचं बटन दाबा, आन् पायाखालच्या पेडलनं गाडीचं हात खाली सोडा. बकेट आपल्याच वजनानं उतरंल."

ज्ञानदेवानं वर बघितलं. दांडी डोक्याशी उभी होती.

"दांडी न्हाय."

"दांडी घेतल्याबिगर हात सुटत न्हाईत, काका."

"तू बाहेरनं कर काय करायचं ते. मी दांडी घेणार न्हाय. इंजिन बंद हाय." त्याचा श्वास फुग्यातून हवा जावी तसा निघत होता. "समदीकडनं बंद हाय, आन् अजून मांडीवर घेऊ?"

तो पुन्हा फटीकडं वाकला. एक पाय खाली गेलासुद्धा. मला एकही गोष्ट सुचेना, आणि माझ्या बाबतीत असं फारसं होत नाही.

भागूबाई ओरडली नाही. जाळीला तोंड लावून म्हणाली, "अवो, ऐका. टँकरचं झाकण त्या ड्रायव्हरनं लावलं व्हतं. ही दांडी तुमची तुमी घ्यायची, तुमची तुमी काढायची. दुसऱ्या कुणाचा हात लागत न्हाय तिला."

त्यानं पाय वर घेतला. तो सीटवर मागं सरकून बसला. मग म्हणाला, "कुणी बोलू नका. आबा, तुमीबी."

उजव्या हातानं त्यानं वायर पुन्हा खोबणीत धरली आणि डावा हात वर गेला. दांडी खाली येताना करकरली आणि त्याच्या मांडीवर बसली. त्यानं डोळे मिटले. बटन दाबलं, तसा आत कुठंतरी टक्क आवाज झाला. पाय हलला. ती भरली बकेट हळूहळू, कुणी पाटी उतरवून ठेवावी तशी, खाली आली आणि जमिनीला टेकली.

केबिनच्या तोंडातून ऊन आत शिरलं. ज्ञानदेवानं दांडी भिरकावली, बकेटीवरून उडी टाकली आणि कुणाकडं न बघता समोरच्या लसूणघासाच्या हिरव्यागार चाऱ्यात जाऊन उताणा पडला. भागूबाई शेजारी बसून राहिली.

मग साखळी लागली. ट्रॅक्टरनं लोडर तसाच फरफटत भिंतीपासून सोडवला आणि तेजश्रीनं मागचं झाकण उघडलं. डायनाम्यापासून बॅटरीकडं जाणारी जाड वायर तिनं बोटांनी चाचपली. रबर वरून धड. एका ठिकाणी दाबलं तर मऊ लागलं. तिथं चिरलं, तर आत तांबं नव्हतंच, नुसतं हिरवं-पांढरं पीठ. मुरघासाचं आंबट पाणी रबराच्या तोंडातून आत मुरून तार खाऊन बसलं होतं. डायनामा बिचारा वीज करत होता, ती बॅटरीपर्यंत पोचतच नव्हती.

"म्हणून म्हणलं हुतं, गाडी दाखवा," ती हिंदूरावांना म्हणाली. हिंदूराव टोपी काढून डोकं खाजवत राहिले.

नवी वायर पडली, फ्यूज बसला, ट्रॅक्टरची बॅटरी जोडून दिली. गाई दावणीला हंबरायला लागल्या होत्या. आता सेल मारून इंजिन चालू करायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. सगळे एकमेकांकडं बघू लागले, लसूणघासाकडं बघायची कुणाची छाती होईना. हिंदूराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आज हातानं काढू मुरघास."

ज्ञानदेव पाठीला चिकटलेला पाला घेऊन उभा होता. कधी आला कळलं नाही.

"सरका," तो म्हणाला.

बकेटीवर पाय देऊन आत गेला. दांडी ओढली. सेल मारला, इंजिन धडधडलं. त्यानं नखानं टिकली खरवडून काढली आणि तेजश्रीला मान हलवून खूण केली. दिवा विझला होता.

त्यानं लोडर खड्ड्याबाहेर काढला आणि मोकळ्या वावरात मधोमध नेऊन उभा केला. बकेट जमिनीला टेकवली. आणि मग चावी फिरवून इंजिन स्वतःच बंद केलं.

आम्ही सगळे बांधावर. आत ज्ञानदेव, मांडीवर दांडी, दोन्ही हात दांडीवर.

भागूबाईला राहवेना. "अवो, उतरा की आता!"

"उतरतो," ज्ञानदेव म्हणाला. "घाई काय हाय?"