धाकटीच्या सरळ कडा

सकाळपासून वारा असा सुटला होता की टायपिंगच्या दुकानाचं शटर अर्ध्यावरच ठेवावं लागलं. थोरलीनं कीबोर्ड उलटा करून झटकला, ब्रशनं फटींतली धूळ काढली, झेरॉक्सची काच पुसली. तेवढ्यात धाकटी जाऊ आली आणि "ताई, चहा झाला का?" म्हणत काउंटरजवळच्या खुर्चीत बसली. थोरलीच्या कपाळाला आठी पडली. ती खुर्ची इतकी वर्षं तिची होती.

थोरली टाइपरायटरवर शिकलेली. कॉम्प्युटरवरही मथळा मधोमध आणायचा तर स्पेसबार हाणत जायची, ठक ठक ठक, आणि एक डोळा मिटून अंदाज घ्यायची. सही उजवीकडं न्यायची तरी तीच तऱ्हा. कागदावर सगळं ओळंब्यात यायचं. पण गिऱ्हाईक "अक्षर जरा मोठं करा" म्हणालं, की मथळा एकीकडं, सही भलतीकडं, आणि पुन्हा ठक ठक.

धाकटी लग्न होऊन आली, दुकानात बसली, आणि एका बटणात मथळा मधोमध, दुसऱ्यात सही उजवीकडं. तिसरं बटण तर तिच्या फार लाडाचं, जस्टिफायचं. ते दाबलं की मजकुराच्या दोन्ही कडा करवतीनं कापल्यासारख्या सरळ.

"पुस्तकासारखं दिसतंय हो!" गिऱ्हाइकं म्हणायची, आणि थोरली स्पेसबार आणखी जोरात हाणायची.

"ताई, शिकवू का? सोपं आहे अगदी."

"नको गं बाई. बोटं झिजली तर माझी झिजतील."

बाकीची गिऱ्हाइकं गेली तर गेली. पण हेडबाई? शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई थोरलीशिवाय दुसऱ्या कुणाला कागदाला हात लावू देत नसत. "अगं, तुझ्या हातात शिस्त आहे," म्हणायच्या. तेवढ्या एका वाक्यावर थोरली महिनाभर फुलून असायची.

त्या हेडबाई आज वाऱ्यातून धापा टाकत आल्या. दम्यानं बेजार. जुने विद्यार्थी उद्या सत्कार करणार होते, तिथं वाचायचं भाषण टाइप करून हवं होतं. थोरलीनं हात पुढं केला. हेडबाईंनी कागद तिच्या नाकासमोरून पलीकडं दिला.

"तू राहू दे. हिचं काम फार देखणं असतं म्हणतात."

थोरली हसली. कशी हसली ते तिचं तिलाच ठाऊक.

धाकटीनं भराभर टाइप केलं. हेडबाईंनी लिहिल्या होत्या तशाच छोट्या छोट्या ओळी, आणि प्रत्येक ओळ तोडायला शिफ्ट धरून एंटर. मग अक्षर मोठं केलं, लाडकं बटण दाबलं, प्रिंट सोडली आणि झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडं वळली. मागं उभ्या थोरलीला पडदा स्पष्ट दिसत होता. शिफ्टनं तोडलेली ओळ अर्धवट राहत नाही, रबरासारखी पार कडेपर्यंत ताणली जाते. तीन-तीन शब्दांच्या ओळी, आणि मधे बैलगाडी जाईल एवढ्या फटी. एक शब्द बोलली असती तर प्रिंट थांबली असती. थोरली मूग गिळून उभी राहिली. म्हटलं, बघू दे हेडबाईंना देखणं काम.

कागद बाहेर आला. धाकटीनं बघितला आणि तिचा चेहरा उतरला. "थांबा बाई, हे चुकलंय, मी—"

पण हेडबाईंनी तो ओढून घेतला होता. त्या मोठ्यानं वाचू लागल्या. एक शब्द. श्वास. दुसरा शब्द. श्वास. एरवी वाक्यागणिक खोकणारी बाई पान संपेपर्यंत एकदाही खोकली नाही.

"अगं पोरी! दम खायला जागा ठेवलीस की गं! माझा दमा तुला कुणी सांगितला?"

"नाही हो बाई, ते चुकून झालं."

"चुकून म्हणे! माझं सगळं काम आता तुझ्याकडंच," म्हणत हेडबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिचं चुकलं तरी कौतुक! आपण मेलं जन्मभर बिनचूक केलं, तेव्हा कुणी गालाला हात लावला होता?

धाकटी खुर्चीतच वळली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही मागंच होतात. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की."

"मग?"

थोरलीला तिच्याकडं बघवेना. प्रिंटरमधला कागद संपल्याचा लाल दिवा लुकलुकत होता. तिनं नवं रीम फोडलं, गठ्ठा कानाजवळ फडफडवून मोकळा केला, टेबलावर ठोकून चारी कडा नीट जुळवल्या आणि ट्रे आत ढकलला.