कोंबड्या उठेनात तेव्हा

“डाक्टरसाब, कोंबड्या बसल्यात. उठूनच नाही राहिल्या. त्यांना जमिनीखालचं कळून राहिलं का काय?”

औशाकडच्या आपल्या पोल्ट्री शेडमध्ये रशीदभाईंनी हे विचारलं आणि मी, जनावरांचा डॉक्टर, नकळत दाराकडे सरकलो. भूकंपाला फार काळ झाला नव्हता. घरी मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जेवायचो. बायको म्हणायची, “पळताना ताट तरी सोबत न्या.”

कोंबड्या बसल्याची बातमी गावभर झाली होती. लोकांनी पुन्हा अंथरुणं अंगणात काढली होती. रशीदभाईंची बाळंतीण सूनही तान्ह्या लेकरासकट थंडीत, ताडपत्रीखाली.

“आज तिला आत झोपवू का? तुम्ही म्हणाल तसं.”

हो म्हणावं आणि भिंत पडली तर?

पिंजऱ्यातली एक कोंबडी हातात घेतली. डोळे तरतरीत. पाय लुळे, छातीचं हाड वाकडं. अंडं जरा दाबलं, तर फुटलं.

“लातूरच्या क्लासवाल्या पोरांच्या खानावळीतूनबी बोंब हाय,” रशीदभाई म्हणाले. “आपली अंडी फुटकीच येतात म्हने.”

अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम. खाद्यातून पुरेसं मिळालं नाही, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. हाडं ठिसूळ होतात आणि ती बसते. म्हणून खाद्यात शेलग्रीट घालतात, म्हणजे शिंपल्यांचे जाडसर तुकडे. मी खाद्याच्या घमेल्यात हात घातला. नुसता मऊ भरडा.

“शेलग्रीट कुठाय?”

“टाकतो की, न चुकता!”

शेडमागे त्यांची अम्मी चाळणी घेऊन बसली होती. शेजारी पांढऱ्या तुकड्यांचा ढीग.

“दगड काढून राहिले, बाबा. मुक्या जिवाला दगड चारतात का? आमची सकीना दगडाखालीच गेली.”

सकीना रशीदभाईंची धाकटी बहीण, भूकंपात घराच्या दगडी भिंतीखाली गेलेली.

मी एक तुकडा अम्मीच्या हातावर ठेवला. “दगड न्हाई, अम्मी. शिंपला. संध्याकाळी द्यायचा. कवच रात्रीच बनतं.”

“अन् सुनेचं?” रशीदभाईंनी विचारलं.

मी घराच्या भिंतींवरून हात फिरवत हिंडलो, जणू त्यातलं मला कळतं. “जमिनीचं मला सांगता येत न्हाई. कोंबड्यांनाबी न्हाई. पण ह्या घाबरून बसलेल्या न्हाईत, एवढं नक्की.”

सून त्याच दिवशी आत गेली. बसलेल्या कोंबड्या पिंजऱ्यातून काढून जमिनीवर ठेवल्या, पुढ्यात शेलग्रीट ठेवलं. बहुतेक हळूहळू उभ्या राहिल्या. शेलग्रीट पुढे अम्मीच घालू लागली, पण प्रत्येक मूठ आधी बोटांनी चाचपून.

धडा एवढाच, की खाद्य पोत्यात नव्हे, कोंबडीच्या पुढ्यात तपासावं. आणि घाबरायचं कारण नाही, हे मी गावोगाव ठणकावून सांगत होतो. झोपत मात्र अंगणातच होतो.