काडीवरचे लाडू

जगातला कुठलाही गोड पदार्थ मुळात लाडूच असतो, पुढे त्याच्यावर बरेवाईट प्रसंग येतात, अशी माझ्या मावससासूबाईंची ठाम समजूत आहे. पाकात पडला की गुलाबजाम, थापटला की पेढा आणि काडीला टोचला की केक पॉप. लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा सुलतान बाजारामागच्या गल्लीत मला त्यांच्या पाया पडायला नेलं होतं. मी वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, वरून प्रश्न आला, "तुमच्याकडं बाकरवडीत मसाला भरतात का नुसता पसरतात?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून पुण्याबद्दल मावशींचं मत जरा खालीच आहे.

एखादी वस्तू होते कशी, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मिठाईच्या दुकानात त्या गल्ल्याकडे न जाता सरळ कढईपाशी जाऊन उभ्या राहतात. आमच्या सोसायटीत एका वाढदिवसाला त्यांनी पहिल्यांदा केक पॉप पाहिला. खाल्ला नाही, कारण अंडं. पण काडी उपसून भोकात एक डोळा लावला, चॉकलेटचं कवच नखाने सोललं आणि किंमत विचारली. ती ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात तर पुरं खानदान नामपल्लीच्या प्रदर्शनात मिरची भजी खाऊन येईल की."

मग गेल्या वर्षी डिसेंबरात घरी प्रयोग सुरू झाले. ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, दुधावरची साय, बरणीच्या तळाचा जॅम आणि स्वस्तातलं चॉकलेट. टिक्क्याच्या बांबूच्या काड्या मोडून अर्ध्या केलेल्या. सजावटीला पानवाल्याकडची रंगीत बडीशेप, नाताळ म्हणून त्यातली लाल-हिरवी तेवढी वेचून. पहिल्या खेपेला सगळे गोळे काडीवरून घसरून ताटात बसले. मावशी दुपारभर त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवायचं, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. वाळत ठेवायला आडवा दुधी घेतला, त्यात काड्या खोचल्या आणि जेवायला त्याच दुधीची भाजी केली. "भोकं पडली की मसाला आत जातो," म्हणाल्या.

मावशींच्या समोरच्या घरात सिस्टर राहतात. दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. दिवाळीत मावशींचा फराळाचा डबा समोर जातो आणि नाताळात तोच डबा केक भरून परत येतो. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच पक्का. मावशी तो केक नुसता हुंगतात आणि यंदा दालचिनी जास्त झाली असं छातीठोकपणे सांगतात. खायचं काम आमच्याकडे असतं.

गेल्या वर्षी नाताळ दोन दिवसांवर आला तरी सिस्टरच्या घरातून केकचा वास येईना. त्यांचे हात वर्षभरात थरथरायला लागले होते, केक जमण्यासारखा राहिला नव्हता. रिकामा डबा द्यायची लाज वाटून त्या दारच उघडेनात. मावशी दिसल्या की खिडकी बंद.

"डबा जाऊ दे चुलीत," मावशी म्हणाल्या, "बाई बोलेना झाली."

मी सुचवलं, "तुम्हीच केक पॉप करून पाठवा की."

"कामून? एका डब्यापायी तोंड लपवायली, दोन झाले तर बाई गाव सोडून जाईल."

नाताळच्या आदल्या सकाळी त्यांनी सगळं सामान, दुधीसकट, पिशवीत भरलं आणि मला घेऊन सिस्टरचं दार वाजवत राहिल्या. अखेर दार उघडलं. "मेरा गॅस खतम हुआ, सिस्टर. तुम्हारे चूल्हे पे करतूं." हे धडधडीत खोटं होतं. सिस्टर बाजूला झाल्या, पण हात पदराखालून काढेनात.

"मेरे हाथां हिलते, अम्मा."

मावशींनी बडीशेपेची वाटी त्यांच्यापुढे धरली. "मेरेकू हिलते हाथांच होना. मैं डाली तो एकीच जगा गिरते."

आणि खरोखरच त्या थरथरत्या बोटांतून दाणे चहूबाजूंनी सारखे पडायला लागले. मावशी एकेक गोळा त्या हाताखालून फिरवून घेत होत्या आणि वाकून बघत होत्या. त्यांच्या नजरेत दया नव्हती, हे जमतं कसं एवढंच कुतूहल होतं. सिस्टरना ते कळलं असावं, कारण पुढचा गोळा त्यांनी स्वतःहून मागितला.

काम संपल्यावर मावशींनी रिकामी पिशवी घेतली आणि निघाल्या. "मावशी, लाडू तिकडंच राहिले," मी जिन्यात म्हटलं. "गप चल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सिस्टर इस्त्रीची साडी नेसून डबा घेऊन आल्या. मावशींनी झाकण काढलं, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, सिस्टर, ये कैसे बनाए?"

सिस्टर उंबऱ्यातच उभ्या राहून बिस्किटं कुटण्यापासून सांगायला लागल्या. मावशी मान हलवत ऐकत होत्या. मला त्यांची फार माया आली. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न त्यांनी विचारलेला मी तेवढा एकदाच ऐकला.