फोरमनचे शेअर

पंप बनवणाऱ्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं फोरमन होता. कंपनीने कामगारांना शेअर देऊ केले तेव्हा त्याने स्वतः तर घेतलेच, पण एकट्या राहणाऱ्या थोरल्या बहिणीलाही बाजारातून घ्यायला लावले. आता भाव निम्म्यावर आला होता. सुट्या भागांवाचून तीन मशीन झाकून ठेवलेली होती, आणि कारण विचारलं की मॅनेजर हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

बायको म्हणाली, "विकून मोकळे व्हा."

"आमचे विकायला मॅनेजरची सही लागते. अर्ज गेला की तासाभरात कारखानाभर बोभाटा. फोरमननेच हात वर केले, तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?"

कामगार रोज त्याच्या चेहऱ्यावरूनच अंदाज बांधायचे. त्यामुळे त्याला धड हसता येईना, की गप्प बसता येईना.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने फाटकाबाहेर जाऊन बहिणीला फोन केला. "ताई, शेअर आजच्या आज विकून टाक."

"तू विकतोयस का? तू ठेवणार असशील तर मीही ठेवते."

"मी कालच विकले," तो म्हणाला. ताईशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला.

ताईने विकले. चार महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं आणि त्याच्या शेअरांची रद्दी झाली. कामगारांच्या शेअरांचीही झाली; त्यांना तो शेवटपर्यंत काहीच बोलला नव्हता.

ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगते, "माझा भाऊ हुशार, वेळेवर बाहेर पडला." तो समोर बसून नुसती मान डोलावतो.